वाड्याची वाट वाड्याला विचारूनच

मी फिजिओथेरपिस्ट. गोव्यातल्या फोंडा तालुक्यात माझा छोटा दवाखाना आहे आणि तिथं माझ्या तोंडून सगळ्यात जास्त वेळा निघणारं वाक्य म्हणजे "रोज थोडं चालत जा." काही जण मान डोलावून घरी जातात. काही जण खरं बोलतात : "चलूं खंय, बाय?" त्यांचंही चुकत नाही. रस्त्याला कड नाही, कडेचं गटार उघडं, वळणावरून टिप्पर अंगावर येतो आणि तिन्हीसांज झाली की कुत्र्यांची टोळी. गुडघ्याचे व्यायाम मी शिकवीन, पण तो गुडघा घेऊन माणसानं जायचं कुठं, हे दवाखान्यात बसून ठरत नाही.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) ‘इंडियाब’ या मधुमेहाच्या पाहणीचे आकडे २०२३ मध्ये आले, तेव्हा मधुमेहाचं प्रमाण देशात सर्वाधिक गोव्यात निघालं, २६.४ टक्के. आपण त्याचं खापर शितावर आणि गोडधोडावर फोडून मोकळे झालो. कोपऱ्यावरून दूध आणायलाही आपण स्कूटर काढतो, त्याबद्दल कमीच बोललो. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल सांगते, मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं. १५० मिनिटं म्हणजे दिवसाला साधारण बावीस. बसस्टॉप अकरा मिनिटांवर असेल तर जाऊन-येऊन हिशेब पुरा. शिवाय संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांमधून ‘सलग दहा मिनिटं तरी’ ही जुनी अट गेली. दुकानापर्यंतची चार मिनिटंही आता जमेस धरतात. पहाटे बूट घालून फिरायला जाणारे पाऊस लागला की गळतात, हे मी दर जूनमध्ये बघते. देवळात, दुकानात, बसला चालत जाणारी माणसं मात्र वर्षानुवर्षं चालत राहतात. म्हणून वाड्याचा, म्हणजे गावातल्या आपल्या वस्तीचा, विचार करायचा तो ह्या कामाच्या चालण्यासाठी. बाग मागाहून.

आमच्या वाड्यात जे जमलं त्यावरून हे सांगते. सुरुवात कोणीही करू शकतं : पंच, स्वयंसाहाय्य गटाच्या बायका, शाळेचे पीटी मास्तर, गणेशचवथीची वर्गणी गोळा करणारी मुलं. आर्किटेक्ट पुढं कधी लागला तर बोलवा.

एकच फेरी निवडा

पूर्ण गाव घेऊ नका. देऊळ, शाळा, दुकान आणि बसस्टॉप जोडणारी एक फेरी घ्या, दहा-बारा मिनिटांत चालून होईल एवढी. त्या फेरीचा नकाशा मोठ्या कागदावर छापून घ्या. उपग्रहाचं चित्र पुरतं. घराची कौलं आणि माड दिसले की आजीलासुद्धा आपलं घर सापडतं.

एक गोष्ट आधीच सांभाळा. गोव्यात नकाशा पसरला की पहिला प्रश्न येतो, "कोणाची जमीन जाता?" तो उगाच येत नाही. प्रादेशिक आराखडा २०११ लोकांच्या आंदोलनामुळे २००७ मध्ये सरकारला मागं घ्यावा लागला होता आणि त्यानंतरच्या २०२१ च्या आराखड्याचे मसुदे सूचनांसाठी पंचायतींपर्यंत आले होते. म्हणजे लोकांना नकाशा कळतो, म्हणूनच ते संशय घेतात. नकाशाच्या डोक्यावर ठळक लिहा : ‘ह्यात कोणाची जमीन जात नाही. चालायच्या वाटेपुरतं.’ आणि ते शेवटपर्यंत पाळा.

‘काय हवं?’ असं विचारू नका

सगळ्यात महत्त्वाचं हेच. सभागृहात माणसं बसवून "तुम्हाला वाड्यात काय हवं?" विचारलंत तर उत्तर ठरलेलं : ओपन जिम, पेव्हर, लहान मुलांची बाग. कारण दुसरीकडे तेच झालेलं त्यांनी पाहिलेलं असतं. ओपन जिमवर माझा राग नाही, पण उन्हात बसवलेल्या लोखंडी सायकलीचं काय होतं ते दोन पावसाळ्यांनंतर जाऊन बघा.

त्याऐवजी काल काय केलंत ते विचारा. काल घरातून कितीदा बाहेर पडलात? कुठं चालत गेलात? कुठं गाडी काढली, आणि तिथंच का काढली? ‘का’ला नेट लावा. "दूर पडतं" हे पहिलं उत्तर. खोदलंत की कळतं, अंतर पाच मिनिटांचं आहे, पण मधल्या मोरीवर, म्हणजे छोट्या पुलावर, दिवा नाही. "वेळ नाही" म्हणणाऱ्या एका वहिनींचा खरा अडथळा एका कंपाउंडमधला मोकळा सोडलेला कुत्रा निघाला. हे कोणत्याही छापील फॉर्मवर येत नाही.

आणि हे बसून विचारू नका, त्यांच्याबरोबर चालत विचारा. मी एका आजींबरोबर संध्याकाळी दिवाबत्तीच्या वेळी देवळापर्यंत गेले. पहिल्या वळणाआधी त्या रस्ता ओलांडून चुकीच्या बाजूला गेल्या, कारण अलीकडच्या बाजूला गटारावरची एक लादी गेली काही वर्षं नाहीच. मोरीच्या कठड्यापाशी आल्या आणि हात टेकून थांबल्या. दम खायला वाटेत तेवढीच जागा. पुढं एका घरासमोर चिरे रचून ठेवलेले, तिथं त्यांना रस्त्याच्या मधोमध यावं लागलं आणि मागून आलेल्या मोटारसायकलनं हॉर्न वाजवला. चप्पल घसरू नये म्हणून त्या पायाची बोटं आवळून चालत होत्या. एवढ्या वाटेत आमच्या कामाची निम्मी यादी तयार झाली : एक लादी, एक कठडा, चिऱ्यांची रास, एक दिवा. ह्यातल्या एकालाही आराखडा लागत नाही.

कोणाबरोबर चालायचं

सभेला येणारेच नेहमी भेटतात, म्हणून वेळ बदला. सकाळचे फिरणारे साडेपाच-सहाला. शाळेची मुलं दुपारी सुटताना. बायका चहानंतर, स्वयंपाकाला लागायच्या आधी. म्हातारी माणसं देवळाच्या वेळेला.

पोदेराला, म्हणजे घरोघर पाव विकणाऱ्याला, विसरू नका. सकाळ-संध्याकाळ सायकल घेऊन प्रत्येक घरापाशी जाणारा वाड्यात दुसरा कोण आहे? कोणता चढ मोडतो, कोणत्या वळणावर गाड्या दिसत नाहीत, कुठला कुत्रा नुसता भुंकतो आणि कुठला चावतो, हे त्याला तोंडपाठ असतं. त्याला नकाशासमोर बोलावू नका, त्याला वेळ नसतो. पाव घेताना दोन-दोन प्रश्न विचारा.

भाड्याच्या खोल्यांतले कामगार हा दुसरा गट. कुंडई, बेतोड्याच्या कारखान्यांत जाणारी ही माणसं आपल्यापेक्षा किती तरी जास्त चालतात, तीही काळोखात, दोन्ही पाळ्यांना. ग्रामसभेचा सभासद म्हणजे पंचायतीच्या मतदारयादीत नाव असलेला माणूस, त्यामुळं ह्यांचा आवाज तिथं पोचतच नाही. "ते भायले, त्यांना कशाला विचारायचं?" असं तुम्हाला कोणी तरी म्हणेल. भांडत बसू नका. रात्रपाळीच्या वेळी मोरीवर उभं राहून कोण चालतंय ते त्या माणसाला एकदा दाखवा.

शाळकरी मुलींना वेगळं बसवा, मुलग्यांशिवाय, आणि शक्य तर बाई शिक्षिकेबरोबर. त्यांना नकाशा आणि दोन रंगांच्या टिकल्या द्या : हिरवी जिथं आवडीनं जाता तिथं, लाल जिथं जायचं टाळता तिथं. मुलगे मैदानावर हिरवी लावतात. मुली त्याच मैदानाच्या कठड्यावर लाल लावतात, कारण कठड्यावर कोण बसतं ते त्यांना माहीत असतं. ही दोन्ही कागदं शेजारी टांगली की मोठी माणसं गप्प होतात.

सगळ्यांना भेटायला सगळ्यात सोपे दिवस चवथीचे. मुंबई-पुण्याला, दुबईला असलेलेही घरी आलेले असतात आणि आरत्यांच्या निमित्तानं घरोघर जाणं होतंच. आरतीचं घुमट वाद्य खाली ठेवून करंज्या समोर आल्या की विचारा. वाड्याच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर हे काम करायला जाऊ नका. तिथं पाच माणसं बोलतात आणि पन्नास वाचतात. निरोप द्यायला ग्रुप, विचारायला पाय.

मोजा, म्हणजे वाद कमी होतात

"गाड्या फार वेगात येतात" असं म्हटलं की कोणी तरी म्हणतं, "छे, एवढ्या नाही." म्हणून रस्त्याच्या कडेला खडूनं दोन खुणा करा, पन्नास मीटर अंतरावर. गाडी पहिल्या खुणेवर आली की फोनचं स्टॉपवॉच सुरू, दुसरीवर बंद. ताशी ३० किलोमीटरनं पन्नास मीटर जायला सहा सेकंद लागतात. सहापेक्षा कमी लागले की गाडी तिसाच्या वर. साडेतीन सेकंदांत गेली तर ती पन्नासच्याही वर. आठवी-नववीच्या मुलांना हे द्या. मुलं रस्त्यावर न येता अंगणातून किंवा पेळेवर, म्हणजे चिऱ्याच्या कुंपणभिंतीवर, बसून मोजतील एवढं बघा. एका संध्याकाळची वही पुरते.

आता ह्याला माझ्या धंद्यातला आकडा जोडा. सेकंदाला ०.८ मीटर किंवा त्याहून कमी चाल आम्ही म्हातारपणीच्या अशक्तपणाची खूण मानतो. असा माणूस सात मीटर रुंद रस्ता ओलांडायला जवळजवळ नऊ सेकंद घेतो. तेवढ्यात ताशी पन्नासनं येणारी गाडी सव्वाशेक मीटर कापते. तिसानं येणारी पंचाहत्तरच्या आत. म्हणजे देवळासमोरचं वळण शंभर मीटरांवर असेल, तर आजी रस्त्यात उतरल्या तेव्हा ती गाडी त्यांना दिसणं शक्यच नव्हतं. "म्हातारी माणसं बघून ओलांडत नाहीत" ह्या तक्रारीवर माझं उत्तर हे गणित आहे. टेप धरून वळणापर्यंतचं अंतर लोकांसमोरच मोजा.

दुसरी वही माणसं मोजायची. ठरलेल्या जागी, ठरलेल्या चार वेळांना, पंधरा पंधरा मिनिटं : चालणाऱ्या बायका, पुरुष, मुलं, साठीच्या पुढचे, सायकली. उभ्या रेघा मारायच्या, पाचवी आडवी. काम व्हायच्या आधी ही मोजणी नसेल, तर नंतर फरक पडला की नाही हे कोणालाच सिद्ध करता येत नाही.

पदपथाचंही मोजमाप ठाऊक असू दे. भारतीय रस्ते काँग्रेसची पादचारी सुविधांची मार्गदर्शिका, आयआरसी १०३, चालायला किमान १.८ मीटर मोकळी रुंदी सांगते आणि पदपथाची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नको म्हणते. आपल्या वाड्यांतल्या रस्त्यांना एवढी जागा बहुतेक वेळा नसतेच. एका बाजूला चिऱ्याची पेळ, दुसऱ्या बाजूला भाट, म्हणजे माडांची बाग. मग अर्ध्या मीटरचा पदपथ ओढूनताणून करू नका, त्यावर विजेचा खांब येतो आणि तो फुकट जातो. अशा जागी रस्ताच सगळ्यांचा ठेवायचा आणि गाड्यांचा वेग खाली आणायचा.

सिमेंटच्या आधी फक्की

वेग कमी करायला लोकांच्या तोंडी एकच उपाय असतो, रंबलर, म्हणजे रस्त्यावरचे आडवे खडबडीत पट्टे. पण रंबलरवरून जाणाऱ्या स्कूटरच्या मागच्या सीटवर बसलेल्या बाईची कंबर मी दवाखान्यात बघते. शिवाय शेजारच्या घराला दिवसभर खडखडाट. त्याआधी रस्ता वळणावर थोडा अरुंद करून बघा. कोपरा जितका मोठा आणि गोल, तितकी गाडी वेग न सोडता वळते. कोपरा काटकोनी केला की पाय आपोआप ब्रेकवर जातो.

हे सिमेंट ओतण्याआधी करून बघता येतं. क्रिकेटच्या पिचला मारतात ती चुन्याची फक्की घ्या आणि नवी कड रस्त्यावर आखा. त्या रेषेवर वाळू भरलेले जुने ड्रम आणि अबोली-जास्वंदीच्या कुंड्या ठेवा. ड्रमांना चमकणारी पट्टी चिकटवा, नाही तर रात्री कोणी तरी आपटेल. पंचायतीला आणि वाहतूक पोलिसांना आधी लेखी कळवून परवानगी घ्या; बसचा रस्ता असेल तर एकदा बस वळवून बघा. दोन-तीन आठवडे ठेवा आणि पुन्हा सेकंद मोजा.

ह्या दिवसांत लोक जे बोलतात ते सभेत कधीच बोलणार नाहीत. दुकानदार सांगतो की सकाळी दुधाची गाडी उभी राहायला जागा गेली. ड्रम दोन हात सरकवा. रिक्षावाला सांगतो की दुसऱ्या बाजूला केलं असतं तर सावली मिळाली असती. तिकडं नेऊन बघा. कुंड्या सरकवायला लोक स्वतः येऊ लागले की समजा, काम रुळावर आलं.

फक्की पावसात धुऊन जाते, म्हणून हे दिवाळीनंतर ते मे अखेरपर्यंत. पण जूनच्या पहिल्या जोरदार सरीत छत्री घेऊन त्याच फेरीवर जाच. गोव्यात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. उन्हाळ्यात सुरेख दिसलेली कड पाणी अडवून शेजाऱ्याच्या अंगणात सोडत असेल, तर ती तिथं नको.

मुलांच्या खेळण्याचंही असंच ऋतुमानाप्रमाणं बघावं. भातकापणी झाली आणि वायंगण, म्हणजे उन्हाळी भात, करायचं नसलं की शेतातच फुटबॉल सुरू होतो. त्यासाठी वेगळं मैदान नको, शेतमालकाशी बोलून मेरेवरून, म्हणजे बांधावरून, उतरायला एक पायरी हवी. प्रश्न पावसाळ्याच्या चार महिन्यांचा असतो. शाळेचं सभागृह किंवा देवळाचा मंडप संध्याकाळी तासभर मिळतो का, ते विचारा. ह्याला पैसे लागत नाहीत, चावी कोणाकडं राहणार ते ठरवावं लागतं.

भाटातली वाट

सगळ्यात नाजूक प्रकरण. जुनी पायवाट बहुधा कोणाच्या तरी भाटातून जाते. तिथून बसस्टॉप पाच मिनिटांवर, रस्त्यानं पंधरा. भाट विकलं गेलं, नव्या मालकानं पेळ घातली आणि वाड्याचं चालणं बंद. इथं मोर्चा नेला की वर्षं कोर्टात जातात.

आधी सर्व्हे प्लॅन आणि वन-फोर्टीनचा उतारा (गोव्यातला सातबारा) काढून बघा, वाट दाखवलीय का. जमीन कोमुनिदादची, म्हणजे गावाची सामायिक जमीन सांभाळणाऱ्या जुन्या संस्थेची, असेल तर पत्र कोमुनिदादीला. खासगी असेल तर वाड्यातल्या ज्याचं त्याच्याकडं येणं-जाणं आहे त्यानं जावं, दोघांनीच, आणि त्याला कशाची भीती आहे ते ऐकावं. आमच्याकडं मालकाला माणसांची अडचण नव्हती, मोटारसायकलींची होती. पेळेला माणूस आडवा वळून जाईल एवढी नागमोडी फट ठेवली आणि विषय मिटला. चाकाची खुर्ची मात्र त्यातून जात नाही, हे खरं. ती रस्त्यानंच न्यावी लागते, म्हणून तो रस्ता आधी नीट करून घेतला.

पंचायतीत जाताना

रस्ता कोणाचा ते आधी शोधा : पंचायतीचा की सार्वजनिक बांधकाम खात्याचा. दिव्यांचं वीज खात्याकडं. चुकीच्या दारात दिलेला अर्ज तिथंच पडून राहतो आणि लोक म्हणतात, "सांगितलं होतं, काही होत नाही."

ग्रामसभेत उठून भाषण करू नका. आधी सचिवांकडं लेखी द्या, पोच घ्या. एका पानात तीनच कामं, त्यातलं एक असं की महिनाभरात होईल. आमचं ते लादीचं होतं. सोबत फक्कीचे फोटो, सेकंदांची वही आणि मुलींचा टिकल्यांचा नकाशा. ठराव झाला की इतिवृत्तात कसा लिहिला ते वाचून घ्या. ‘रस्ता सुधारणे’ एवढंच लिहिलं तर डांबर पडतं आणि गाड्या आणखी वेगात जातात. ‘अमुक वळणावर रस्त्याची रुंदी कमी करणे, कठडा दुरुस्त करून बसण्याजोगा करणे’ असं लिहायला लावा.

ग्रामपंचायत विकास आराखड्यासाठी २०१८ पासून २ ऑक्टोबरपासून लोकांच्या नियोजनाची मोहीम चालते. तुमचं पान चवथीनंतर लगेच तयार असेल तर त्यात बसतं. पंधराव्या वित्त आयोगानं २०२१ ते २०२६ साठी पंचायतींच्या अनुदानातले ६० टक्के पाणी-स्वच्छतेला बांधून दिले आणि ४० टक्के गावाच्या गरजेनुसार मोकळे ठेवले. गटारावरच्या लाद्या कुठल्या खात्यात बसवायच्या हे सचिवांना विचारा; अनुभवी सचिव वाट काढतो.

काय मंजूर झालं, काय नाही आणि का नाही, हे देवळाच्या फळ्यावर लिहून लावा. नाकारलेलंही लिहा. टिकल्या लावलेल्या मुलींना उत्तर मिळालं नाही तर पुढच्या वेळी त्या येत नाहीत.

आणि ठेकेदार येईल त्या दिवशी वाड्यातलं कोणी तरी टेप घेऊन तिथं उभं राहिलंच पाहिजे. १५० मिलिमीटर उंचीच्या कडेवर चाकाची खुर्ची चढायला १:१२ चा उतार लागतो, म्हणजे १.८ मीटर लांब. कामगाराला घाई असते, तो हातभर लांबीचा उतार करून पुढं सरकतो आणि संध्याकाळपर्यंत काँक्रीट सेट होतं. काम सकाळी आठला सुरू होत असेल तर आठलाच जा, कामगारांसाठी चहा घेऊन जा, आणि ओतण्याआधी फळीवर खडूनं १.८ ची खूण स्वतः करा.